विहिरीची पूजा आणि विहिरीचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले आहे खरे, परंतु माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि सभेत बोलण्याची सवय म्हणाल तर हळदीकुंकवाला नाव घेण्याइतकीच. मागच्या बैठकीत मी आमच्या विहिरीची हकीकत सहज सांगितली, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "हेच वर्धापनदिनाला सांग." म्हणून उभी राहिले आहे. चुकले माकले सांभाळून घ्या.

तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, आमच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी गोड म्हणून प्रसिद्ध. नळाला येते ते नदीचे. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे घालतात, पंचगंगा अडते, आणि मार्च-एप्रिलात त्या अडलेल्या पाण्यावर जलपर्णीची चादर पसरते. दुरून पाहिले तर हिरवेगार कुरण वाटावे, वर जांभळी फुले; जवळ गेले की नाकाला पदर. त्या दिवसांत नळाच्या पाण्याला एक कुबट वास येतो. आमच्या घरी मात्र त्याची फिकीर नसे. आमची विहीर आहे, असे मी मोठ्या तोऱ्याने सांगत असे. यात्रेला पाहुणे आले तरी मी सांगायची, नळाचे नको, विहिरीचे घ्या.

२०२३ च्या मार्चमध्ये माझी मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पोट फाडून बाळंतपण झाले, पाठोपाठ तिला ताप आला, आणि दूध पुरेना. मग वरचे दूध सुरू झाले. डबा आणला, आणि पावडर कालवायला पाणी कोणते, तर आमच्या विहिरीचे. ते मी रोज पहाटे स्वतः आणी, फडक्याने गाळी, आणि चांगले वीस-पंचवीस मिनिटे खदखदा उकळी. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाणी उकळून द्या. मी म्हटले, पाच मिनिटे कशाला, पाऊण पातेले होईपर्यंत उकळू या. सव्वा महिना झाला तेव्हा मुलीला घेऊन विहिरीवर गेलो. खण, नारळ, हळदकुंकू, साती आसरांना नैवेद्य, सगळे रीतसर केले. सासूबाईंनी नातीला विहिरीचे पाणी डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, "आई, लेकराला सांभाळ."

आता दुसरी गोष्ट सांगते, ती इथे जोडायची आहे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले, त्यात गावोगाव पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, हे तुम्ही ऐकले असेल. आपल्या गावच्या पाचांत मी एक. एक पेटी मिळते. तीत लहान लहान नळ्या, बाटल्या, थेंब टाकायच्या औषधांच्या कुप्या आणि रंगांचे कागद. पाण्यात औषध टाकायचे, सांगितले तितका वेळ थांबायचे, आणि आलेला रंग कागदावरच्या रंगाशी ताडून पाहायचा. नायट्रेट तपासताना पाणी गुलाबी होते. जितके गुलाबी, तितके वाईट. आम्ही शाळेचे पाणी पाहिले, अंगणवाडीचे पाहिले, देवळापुढच्या आडाचे पाहिले. माझ्या विहिरीचे काय पाहायचे, ते तर गोडच, असे म्हणून मी ती शेवटाला ठेवली होती. मे महिन्यात एका दुपारी नळ्या धुऊन ठेवताना सहज म्हणून तिचे पाणी घातले.

भगिनींनो, ते पाणी बिटाच्या कोशिंबिरीसारखे झाले.

मला वाटले औषध जास्त पडले. पुन्हा केले, तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या वहिनींना बोलावून त्यांच्या हातून करविले. तेच. मग बाटली भरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठविली. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे. आमच्या विहिरीचे त्याच्या जवळजवळ दुप्पट आले.

मोठ्या माणसाला एवढ्याने लगेच काही होत नाही, म्हणून आपण पीत राहतो आणि गोड म्हणतो. परंतु सहा महिन्यांच्या आतल्या लेकराचे तसे नाही. त्याच्या पोटात या नायट्रेटचे नायट्राइट होते, आणि ते रक्ताला धरते. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखे निळसर पडतात, लेकरू मलूल होते, वेळेवर कळले नाही तर दगावतेही. १९४५ साली अमेरिकेत आयोवा नावाच्या शेतकरी मुलुखात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी अशी निळी पडलेली बाळे पाहिली, आणि शोध घेतला तो मळ्यातल्या विहिरीपर्यंत जाऊन पोहोचला. त्यांचे दूधही विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते.

आणि उकळण्याचे म्हणाल, तर उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाण्याची वाफ होते, ते मागे राहते. म्हणजे मी जो पाऊण पातेले होईपर्यंत उकळण्याचा शहाणपणा करीत होते, त्याने ते नातीच्या बाटलीत जास्तच दाट होत होते. तुरटीने ते जात नाही, पाण्यात टाकायच्या पावडरीने जात नाही, साध्या मेणबत्तीच्या गाळणीनेही जात नाही.

त्या रात्री मी दिवा लावून दोनदा उठले आणि नातीची नखे पाहिली. कुणाला सांगितले नाही. सकाळी मुलीला सांगितले तेव्हा ती मला काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणे मी विसरले नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासले, बाळाला काही झालेले नव्हते. आपल्या नळाचे वासाचे पाणीही मी पेटीत तपासले, तर त्यात नायट्रेट कमी निघाले! जंतू असतील, पण ते उकळून मरणारे. तेव्हा आधी नळाचे पाणी उकळून दिले, आणि पंधरा दिवस खटपट करून आईचे दूध पुन्हा वाढविले. अंगावर पिणाऱ्या बाळाला या नायट्रेटची भीती जवळजवळ नाही, कारण आईच्या दुधात ते फार थोडे उतरते. आणि सहा महिने पाण्याचा थेंबही लागत नाही. आज ती नात इथेच आहे. मघापासून सतरंजीवर धावते आहे ती तीच.

मग प्रश्न आला, हे विहिरीत आले कोठून?

पहिली चूक माझीच निघाली. आमचा उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर, आणि वरच्या अंगाला. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो ओढ्याच्या बाजूला होता. मी आल्यावर शेण टाकायला लांब पडते म्हणून गोठ्याशी आणविला. दिवाळीला त्याच्यावर दिवा लावते, लक्ष्मी म्हणते. पावसाळ्यात त्यातून जे काळे पाणी निघते, ते जमिनीत मुरून कोठे जाते याचा विचार कधी केला नव्हता. गोठ्याचे मूतही त्याच वाटेचे.

दुसरे ऊस. आमची दोन एकर आडसाली. आता युरियाची किती पोती पडली हे पुरुषांना विचाराल तर ते हवेत हात फिरवतात. मला मात्र आकडा ठाऊक होता, कारण रिकामी पोती मीच ओढ्याला धुते. त्यांच्या खोळी करते, भुईमूग भरते, दाराला पायपुसणे करते. त्या सालची मी चोवीस धुतली होती. कृषी विद्यापीठाची शिफारस आडसालीला एकरी १६० किलो नत्राची आहे. युरियात शंभरातले ४६ भाग नत्र. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो. दोन एकराला सोळा पोती झाली तरी शिफारस भरते. आम्ही घातली चोवीस, आणि मिश्रखतातले नत्र वेगळेच. हिशेब मी मुलाच्या वहीत मांडला आणि दोनदा तपासला. त्यात घातलेल्या नत्रातला तिसरा हिस्सा, फार तर निम्मा, उसाच्या अंगी लागतो असे जाणकार सांगतात. बाकीचे काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर जाते.

युरिया जमिनीत पडला की थोड्याच दिवसांत मातीतले जंतू त्याचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. मिठासारखे विरघळते आणि पाणी जाईल तिकडे जाते. आपण सरीत पाट फोडून गुडघाभर पाणी देतो, ते मुळांच्या खाली उतरले की हेही उतरले, आणि खाली आपलीच विहीर. स्फुरदाचे वेगळे. ते मातीला घट्ट धरून बसते, आणि वळवाच्या पावसात माती वाहिली की मातीबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. जलपर्णीचे खाद्य ते हेच. ही दक्षिण अमेरिकेतली पाहुणी, फुले छान म्हणून आपल्या देशात आणली, आणि आता खतावलेले उभे पाणी मिळाले की पंधरवड्यात दुप्पट होते. ती आणि शेवाळ कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मासे पोट वर करून तरंगतात. ते तर आपण सर्वांनी पुलावरून पाहिले आहे.

नदीत शहरांचे सांडपाणी येते, कारखान्यांची मळी येते, हे मी नाकारीत नाही. त्याचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल भांडले पाहिजे. परंतु माझ्या विहिरीत कोल्हापूरचे सांडपाणी आलेले नव्हते.

घरी बोलायचे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उकिरड्याचे लवकर जमले. सासूबाई आधी रागावल्या, "लक्ष्मी कुठं हलवतात व्हय?" म्हणून. मी म्हटले, तुमच्याच वेळच्या जागी नेते. मग गप्प झाल्या. विहिरीच्या खालच्या अंगाला, लांब, फरशी आणि चारी बाजूंना वीतभर कट्टा घालून खड्डा केला, वर जुने पत्रे टाकले. गोठ्याचे पाणी नाली काढून परसातल्या केळींना नेले.

युरियाचे जड गेले. खत कमी म्हटले की पुरुषांना ताटातली भाकरी कमी केल्यासारखे वाटते. शिवाय पोते पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, तेव्हा आठ पोती वाचवली तरी वाचून किती वाचणार? जेमतेम दोन हजार. पैशाच्या बाजूने बोलून उपयोग नाही हे मला कळले. मी एवढेच म्हटले, "नातीच्या बाटलीत काय होतं ते तुम्ही बघितलंय." त्यावर हे उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मातीचा नमुना तपासायला घेऊन गेले. त्या जुलैच्या लावणीला सोळा पोती घातली, तीही एकदम न ओतता चार-पाच हप्त्यांत, मातीआड करून, आणि आभाळ भरून आलेले असताना कधी नाही. पाचट जाळायचे सोडले, सरीत कुजविले.

आणि खरे भांडण झाले ते चार गुंठ्यांचे.

आमच्या शेताची तीनशे फूट कड ओढ्याला लागून आहे. नांगर अगदी ओढ्याच्या ओठापर्यंत जात असे. दर पावसाळ्यात थोडी कड ढासळे. जलसंधारणाचे शिकवायला आले होते त्यांनी सांगितले, पंधरा फूट पट्टा नांगरू नका, गवत राखा. पाणी गवतातून जाते तेव्हा त्याचा वेग मोडतो, माती तिथेच बसते, स्फुरद मातीबरोबर अडते, आणि खालून पाझरणारे नायट्रेट गवताची आणि झाडांची मुळे ओढून घेतात. तीनशे गुणिले पंधरा, म्हणजे साडेचार हजार चौरस फूट. चार गुंठ्यांहून थोडे जास्तच. गुंठ्याला टन धरला तर चार टन ऊस, म्हणजे दहा-बारा हजार रुपये. हे म्हणाले, "चार गुंठं गवताला? लोक हसतील." दीर म्हणाले, वडिलांनी बांध कोरून कोरून जमीन वाढविली, आणि वहिनी ओढ्याला दान करतात. महिनाभर या विषयावर घरात कोणी सरळ बोलत नव्हते.

शेवटी म्हशीने निकाल दिला. मी म्हटले, पट्ट्यात गजराज गवत लावू, ओठाशी वाळा लावू, आणि कापून म्हशीला घालू. वैरण विकत घेतो त्याचा हिशेब माझ्याजवळच होता, तो वाचून दाखविला. कापून नेले पाहिजे हेही महत्त्वाचे आहे बरे का. गवत तिथेच कुजले तर शोषलेले पुन्हा पाण्यातच जाणार. आता आमची वैरण निम्मी तिथून निघते. दीरसुद्धा मधूनमधून भारा घेऊन जातात, मी काही बोलत नाही.

गुण किती आला तेही खरे खरे सांगते. डिसेंबर २०२४ ला तोड झाली, एकरी दोन टन वजन आधीच्यापेक्षा कमी भरले. खत कमी पडले की पाऊस जास्त झाला, यावर घरात दोन मते आहेत. खोडव्याचे वजन अजून व्हायचे आहे. विहिरीचे पाणी दोन पावसाळ्यांनंतर बिटासारखे होत नाही, गुलाबाच्या सरबतासारखे होते. म्हणजे उतरले आहे, पण मर्यादेखाली आलेले नाही. वर्षानुवर्षे जमिनीत जे मुरले ते दोन वर्षांत निघणार नाही, आणि बांधापलीकडच्या शेतात अजून पोत्यांवर पोती पडतात, त्यांचे पाणी बांध ओळखत नाही. पिण्याला आम्ही आजही नळाचेच वापरतो.

माझी भाची पुण्याला शिकते, तिने मला न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. तिथे सुमारे नव्वद लाख माणसे जे पाणी पितात, त्यातले बहुतेक दूरच्या कॅट्सकिल डोंगरांतून येते. पाणी बिघडू लागले तेव्हा प्रचंड खर्चाचा शुद्धीकरण कारखाना बांधायची पाळी आली होती. त्याऐवजी १९९७ साली शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. ओढ्याकाठची जमीन खुषीने देतील त्यांच्याकडून विकत घेतली, शेतकऱ्यांना ओढ्याला कुंपण घालायला, शेणखताची नीट साठवण करायला, काठाने झाडे लावायला शहरानेच पैसे दिले. कारखान्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडले. उलट त्याच देशात टोलेडो शहरी २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरोवरात शेतांतले खत उतरून विषारी शेवाळ माजले, आणि सुमारे पाच लाख लोकांना तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले.

न्यूयॉर्कचे ऐकून मला आधी वाटले, हे बरे, खालच्यांनी वरच्यांना पैसे द्यायचे! आपण तर खालचे, पंचगंगेच्या शेपटाशी; वरून सगळ्यांचे सगळे येते ते आपल्याकडे. मग आठवले, माझी धाकटी बहीण चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी दिली आहे. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पुढे तिच्याच गावावरून जाते. आपल्यापैकी कितीजणींच्या बहिणी, लेकी तिकडे दिलेल्या आहेत, हात वर करा पाहू. त्यांच्या दृष्टीने आपण वरचे.

आपल्या गावच्या पुलापासून नदीपर्यंत ओढ्याला लागून सतरा जणांची शेते आहेत. सातांनी पट्टा राखायचे कबूल केले आहे. दहा राहिले, त्यांतल्या सहाजणांच्या घरच्या बाया या सतरंजीवर बसलेल्या आहेत. नावे घेत नाही. सातबाऱ्यावर आपले नाव नसते हे मला माहीत आहे. माझेही नाही. पण पोती धुणारी, वैरण आणणारी, बाटली भरणारी आपणच. घरी आधी वैरणीचा हिशेब मांडा, पाण्याचे नंतर बोला, असे मी अनुभवाने सांगते. गजराजाचे बेणे आमच्याकडे आहे, कोणालाही फुकट देईन. वाळ्याचे गड्डे मात्र पावसाळा लागल्यावरच मिळतील.

आणि येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता पेटी घेऊन मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे किंवा गरोदर सून-लेक आहे त्यांनी आधी यावे. बाटली स्वच्छ घ्यावी, तेलाची किंवा औषधाची नको. ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावी, आणि त्याच दिवशी आणावी. बाटलीवर नाव लिहा. मागच्या खेपेला दोघींच्या बाटल्या बदलल्या आणि मोठा गोंधळ झाला.